अभिवादनाला घंटा नाही

समोर पाच रिकाम्या खुर्च्या होत्या आणि त्या पाचही खुर्च्यांना मी नमस्कार करायचा होता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला सुतळीने एकेक पुठ्ठा बांधलेला: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष निमंत्रित, निमंत्रक आणि शेवटी सूत्रसंचालक. मी हात जोडले, पुठ्ठे वाचत सगळ्यांची नावं घेतली आणि विषयाकडे वळणार, तेवढ्यात तुंगारे सरांनी हात वर केला.

"शेटेबाई, तुम्ही विशेष निमंत्रितांना प्रमुख पाहुण्यांच्या आधी घेतलंत."

"खुर्च्या रिकाम्या आहेत, सर."

"खुर्ची रिकामी असते. मान रिकामा नसतो," सर म्हणाले, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या मंडळींनी एकदम माना डोलावल्या. विमा एजंट गोडखिंडी तर डोळे मिटून ते वाक्य पुटपुटू लागला, पाठ व्हावं म्हणून. मी पुन्हा पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. गिरणीत डब्यांची रांग लागलेली सोडून मी या असल्या माणसांत येऊन उभी राहिले होते, याची मला स्वतःचीच चीड येत होती.

याला वाग्विहार मंडळ म्हणत. दर शनिवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयाच्या माडीवर भरायचं. गावाचं नाव सांगत नाही. असली गावं आणि असली मंडळं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. निवृत्त प्राचार्य तुंगारे मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि मार्गदर्शक. गावात सत्कार असो, उद्घाटन असो, कुणाची शोकसभा असो, माइकपाशी तेच. शोकसभेतही असे रंगात यायचे की गेलेल्या माणसाच्या घरचे पुढे कार्यक्रम काय आहे ते विचारायचे. बाकीचे सभासद म्हणजे सरांचं वाक्य सरांच्याच आवाजात म्हणून दाखवणारी मंडळी. कुणाला कुठे काही बोलायचं होतं म्हणून ती बोलायला शिकत होती, असं मला कधी दिसलं नाही. गोडखिंडी गेली कित्येक वर्षं येत होता आणि तेवढ्या वर्षांत प्रत्येक नावाआधी 'सन्माननीय' लावायला शिकला होता. एकदा गिरणीत दळण टाकायला आला तेव्हा स्वतःच्या बायकोला सन्माननीय म्हणाला. ती डबा तिथेच टाकून निघून गेली.

मला मात्र बोलायचं होतं. त्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं की जुन्या जकात नाक्याजवळची गाळ्यांची ओळ पाडायची आणि तिथे सांस्कृतिक भवन बांधायचं. त्या ओळीत पहिला गाळा आमच्या गिरणीचा. शेजारी रफिक मुलाणीचं सायकलचं दुकान, मग बांगड्यांचं, मग सलून, आणि ओळीच्या टोकाला एक लॉज. आमच्यासारख्या गिरणीला दुसरी जागा मिळत नाही. आवाज होतो, पीठ उडतं, वस्तीत कोणी दारात उभं करत नाही. गाळा गेला की गिरणी गेली, एवढा सरळ मामला होता.

आणि गिरणी गेली की आप्पा गेले. हे मी उगाच रडकथा म्हणून सांगत नाही. माझे वडील उभा जन्म त्या घरघरीत राहून, कानाशी ओरडलं तरच थोडं ऐकू येईल इतके बहिरे झाले होते. गिरणी मी चालवायला घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण आप्पा रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे आणि जात्याच्या पेटीवर तळवा ठेवायचे. दगड गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावायची वेळ झाली की त्यांना हाताला कळायचं. त्यांना जगातलं तेवढंच एक ऐकू येत होतं. ते बंद झालं तर हा माणूस घरात भिंतीकडे बघत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नोटीस लागली त्या दिवशी मी तशीच पिठाच्या हातांनी पालिकेत गेले होते. तिथे भिंतीवर नकाशा लावला होता. पाडायच्या जागेची लाल रेघ आमच्या गाळ्यांवरून सुतासारखी सरळ जात होती आणि लॉजपाशी पोचली की वळसा घालून पलीकडे जात होती. लॉज उपनगराध्यक्ष बापूसाहेब चिवट्यांच्या मेव्हण्याचं. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं आणि तोंडाने कोणी बोलत नव्हतं. मी बोलले. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बापूसाहेबांनी शांतपणे शिपायाला हाक मारली आणि मला बाहेर काढायला लावलं. वर सगळ्यांदेखत म्हणाले, "सुनावणीला या, हरकत घ्या. पण सभ्य भाषेत बोलता आलं तरच. नाहीतर तिथूनही उचलून बाहेर ठेवू."

माझं तोंड तिखट आहे हे मला माहीत होतं. सुनावणीत तोंड सुटलं की त्यांना आयतं निमित्त मिळणार होतं. म्हणून मी सभ्य भाषा शिकायला वाग्विहारात गेले.

पहिल्याच शनिवारी मी सगळी हकीकत मंडळापुढे मांडली. मला वाटलं होतं, निदान कोणी चुकचुकेल. तुंगारे सरांचे डोळे चमकले. "उत्तम विषय आहे," ते म्हणाले. "यात करुण रस आहे." मग मला कळलं की सांस्कृतिक भवन ही सरांचीच मागणी. माडीवर उकडतं, जिना अरुंद, वक्त्याला साजेसं व्यासपीठ गावात नाही, म्हणून मंडळानं गेली काही वर्षं पालिकेकडे पाठपुरावा केला होता. कोणालाही यात अवघडल्यासारखं वाटलं नाही. गोडखिंडीनं तर मला धीर दिला. गाळे पडून भवन झालं की तिथलं पहिलं भाषण तुमचंच ठेवू, सन्माननीय भगिनी, असं तो अगदी मनापासून म्हणाला. शिव्या घशापर्यंत आल्या होत्या. गिळल्या.

तरी जात राहिले. दुसरीकडे जाणार कुठे? सर शिकवायचे ते सगळं अभिवादनाचंच. कोणाला आधी घ्यायचं, कोणाला मागून, कोणाच्या नावामागे काय लावायचं. सगळ्यात शेवटी सूत्रसंचालकाचं नाव, कारण तो बिचारा सगळ्यांची नावं घेतो आणि स्वतःचं घेऊ शकत नाही. हे सांगताना सरांचा आवाज जड व्हायचा. आणि प्रत्येकाबद्दल नुसतं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या कार्याचा एका वाक्यात गौरव करायचा. "ज्यांनी अमुक केलं, असे ते तमुक," असा सरांचा साचा होता.

टेबलावर पितळेची एक छोटी घंटा असायची. ती वाजवायची पाळी आळीपाळीनं सभासदांकडे येई. वेळ संपली की घंटा, मग वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. माझी तालीम झाली त्या दिवशी घंटा गोडखिंडीकडे होती. मी खुर्च्यांना झटपट हात जोडले आणि मुद्द्याला आले. गिरणी सांगितली, आप्पा सांगितले, दुसरी जागा मिळत नाही ते सांगितलं, आणि नकाशावरच्या रेघेपाशी पोचते न पोचते तोच घंटा वाजली.

"मुद्दा राहिला की, सर."

"मुद्दा राहू द्या. शिस्त राहिली," सर समाधानानं म्हणाले.

माझ्यानंतर घंटा दुसऱ्याकडे देऊन गोडखिंडी बोलला. त्याने खुर्च्यांना नमस्कार करायला घेतला तो संपेना. अध्यक्षांच्या खुर्चीची थोरवी, पाहुण्यांच्या खुर्चीची विद्वत्ता, निमंत्रकांच्या खुर्चीची तळमळ. मला झोप यायला लागली, तरी घंटा गप्पच. मी सरांना विचारलं की याला वेळेचं बंधन नाही का. सर माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते.

"अभिवादन म्हणजे मान देणं. मानावर घंटा वाजवत नाहीत, शेटेबाई. 'तर मित्रहो' म्हटलं की तिथून वेळ धरायचा. हा माझा नियम आहे आणि मी सूत्रसंचालन करतो त्या प्रत्येक सभेत तो मी पाळतो."

त्या दिवशी गिरणी बंद करताना मी उगाचच हसत होते. आप्पांनी काय झालं म्हणून हातानेच विचारलं. मी सांगितलं नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं आणि गल्लीला कळलं असतं.

सुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. आमच्या गावात हरकती ऐकायच्या तरी व्यासपीठ लागतं, समई लागते, गुच्छ लागतात. नगराध्यक्ष विश्वासराव जगदाळे मध्ये बसले होते. एका बाजूला बापूसाहेब चिवटे, दुसऱ्या बाजूला मुख्याधिकारी आणि नगर अभियंता. कडेला माइकपाशी कोट घालून तुंगारे सर, आणि त्यांच्यापुढे तीच पितळी घंटा. मंडळाची घंटा त्यांनी स्वतःची असल्यासारखी उचलून आणली होती. खाली गाळेवाले, त्यांची बायकापोरं, आणि मजा बघायला निम्मं गाव. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. काही ऐकू येणार नव्हतं, तरी धुतलेलं धोतर नेसून आले होते.

रफिक आधी बोलला. बोलला कसला, उभा राहिला, घाम पुसला, "साहेब, माझ्या वडलांपासून हे दुकान" एवढं म्हणाला, मग पुढचं आठवेना. आठवलं तोवर घंटा वाजली. बांगडीवाल्या काकूंचं तेच. सलूनवाला घंटेच्या भीतीनं इतक्या घाईत बोलला की एक शब्द कळला नाही. बापूसाहेब प्रत्येकाला हसून मान देत होते. मग सरांनी माझं नाव पुकारलं, "माझी विद्यार्थिनी" अशी भर घालून.

मी माइकपाशी गेले. पाचही खुर्च्या आज भरलेल्या होत्या. मी हात जोडले.

"आजच्या सुनावणीचे अध्यक्ष, आदरणीय नगराध्यक्ष विश्वासराव जगदाळेसाहेब. ज्यांनी गेल्या निवडणुकीत माझ्या गिरणीच्या पायरीवर उभं राहून, माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून, या गाळ्यांच्या एका विटेलाही धक्का लागू देणार नाही असा शब्द दिला, असे ते आपले लाडके नगराध्यक्ष. त्यांना माझा नमस्कार."

नाव ऐकताच विश्वासरावांचे हात सवयीनं जोडले गेले होते. वाक्य संपलं तेव्हा ते तसेच जोडलेले राहिले. मागून कोणीतरी टाळी वाजवली.

"आदरणीय उपनगराध्यक्ष बापूसाहेब चिवटे. ज्यांच्या मेव्हण्यांचं लॉज आमच्याच ओळीत, आमच्याच रस्त्याला लागून आहे, आणि ज्यांचा दरारा एवढा मोठा, की नकाशावरची रेघ आमच्या डोक्यावरून सरळ चालत येते आणि लॉज दिसलं की अदबीनं बाजूला होते, असे ते बापूसाहेब. त्यांना माझा नमस्कार."

सगळं मंगल कार्यालय हसलं. साधं हसू नव्हतं ते. जे इतके दिवस दाबून धरलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं. बापूसाहेब लालबुंद झाले आणि सरांकडे वळले. "घंटा वाजवा."

"अभिवादन चालू आहे, बापूसाहेब," सर म्हणाले.

"मी सांगतोय ना, वाजवा."

"विषयाला अजून सुरुवात झालेली नाही," सर म्हणाले, आणि कोटाची कॉलर नीट केली. त्यांचं नाव यायचं बाकी होतं. विश्वासराव छताकडे बघत होते. आपल्याला एक बसली, आता बापूसाहेबाला बसतेय, याचं त्यांना वाईट वाटल्याचं चेहऱ्यावर तरी दिसत नव्हतं. मला उचलून बाहेर ठेवायला शिपाई दाराशी उभे होते. पण मी शिवी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता. हात जोडून उभ्या असलेल्या बाईला उचलायचं कसं, ते त्यांना कळेना.

"आदरणीय मुख्याधिकारीसाहेब. जे आमच्या गावात नवीन आहेत, आणि ज्यांना कामाचा एवढा व्याप, की आमचे गाळे पाडायच्या कागदावर सही करण्याआधी गाडीतून खाली उतरून ते बघायलाही त्यांना सवड मिळाली नाही. त्यांना माझा नमस्कार. आदरणीय नगर अभियंतासाहेब. ज्यांची पट्टी गरिबाच्या दारात सरळ असते. त्यांना माझा नमस्कार."

आता हसू थांबलं होतं. लोक पुढे सरकून ऐकत होते. मी सरांकडे वळले. ते सावरून बसले आणि किंचित मान झुकवून माझ्या वाक्याची वाट पाहू लागले. मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती, पण नाही आली.

"आणि माझे गुरुवर्य, सूत्रसंचालक प्राचार्य तुंगारे सर. ज्यांनी मला बोलायला शिकवलं. आणि ज्यांना बोलायला जागा पुरत नाही म्हणून माझ्या वडिलांची गिरणी पाडायची आहे. त्यांना माझा नमस्कार."

एवढं म्हणून मी खाली आले आणि आप्पांशेजारी बसले. 'तर मित्रहो' मी म्हटलंच नाही. सरांचा हात घंटेवर होता, पण वाजवायची केव्हा हे त्यांना कळेना.

घरी जाताना आप्पांनी विचारलं, "लई येळ उभी हुतीस. काय बोल्लीस?"

मी त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडले, "नमस्कार केला सगळ्यांला."

"नुसता नमस्कार? मग एवढा येळ?"

"माणसं मोठी हुती, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. न्याय वगैरे काही झाला नाही. अख्खं गाव रेघेवरून हसायला लागलं. पोरं लॉजसमोरून जाताना मुद्दाम वाकून वळसा घालून जायची. शेवटी लाजेकाजेस्तव पालिकेनं रेघ सरळ केली. रेघ सरळ केल्यावर लॉज पाडायच्या जागेत आलं. लॉज आल्यावर बापूसाहेबांना अचानक गोरगरिबांच्या पोटाचा कळवळा आला आणि त्यांनी स्वतःच उभं राहून गाळे वाचवण्याचा ठराव मांडला. त्यांच्या सत्काराची वर्गणी मागायला गिरणीत माणसं आली होती. मी त्यांना हातात झाडू घेऊन बाहेर काढलं, तेवढी सभ्यता मी तोवर विसरले होते. भवन पुढे गावाबाहेर झालं. आता तिथे कांदा ठेवतात. आप्पा पुढची सहा वर्षं पेटीवर हात ठेवून बसले आणि तिथेच, स्टुलावर, एका सकाळी गेले. जातं चालू होतं. माझ्या जिवाला याहून मोठं समाधान दुसऱ्या कशाचं नाही.

पण भाषण म्हटलं की मला आठवतो तो सुनावणीनंतरचा शनिवार. मी मंडळात पुन्हा पाऊल टाकणार नव्हते, पण घंटेची पाळी माझी होती, आणि गिरणीवाली पाळी चुकवत नाही. मला वाटलं होतं, सर तोंड फिरवतील, निदान गप्प राहतील. सर प्रसन्न होते. त्यांनी पाच रिकाम्या खुर्च्यांना सावकाश, एकेक करून नमस्कार केला. मी घंटा हातात धरून बसले. मग ते म्हणाले, "तर मित्रहो, आपल्या मंडळाच्या प्रथेप्रमाणे आज शेटेबाईंच्या सुनावणीतल्या भाषणाचं मूल्यमापन करू."

सगळे सावरून बसले. सरांनी चष्मा पुसला. क्रम अचूक होता, म्हणाले. उच्चार स्वच्छ, हात जोडण्याची पद्धत उत्तम, सूत्रसंचालकाचा उल्लेख शेवटी आणि योग्य जागी. गोडखिंडी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मी सरांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. कुठे राग, कुठे लाज, कुठे चोरटेपणा सापडतो का ते शोधत होते. काही नव्हतं. त्यांच्या कानांपर्यंत त्यांचं नाव पोचलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. आप्पांना गिरणीनं बहिरं केलं होतं. या माणसाला कशानं केलं होतं कोण जाणे.

"मात्र एक मोठा दोष राहिला," सर म्हणाले. "अभिवादन इतकं सुंदर होऊनही, भगिनींनी मूळ विषयाला हातच घातला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी हळहळलंसुद्धा.

मी घंटा वाजवली.

सर थांबले. गोडखिंडी माझ्याकडे झुकून कुजबुजला, "अजून वेळ आहे, सन्माननीय भगिनी. सरांचा वेळ संपला नाही."

"माझा संपला," मी म्हटलं. घंटा टेबलावर ठेवली, जिना उतरले आणि गिरणीत आले. डबे खोळंबले होते.